खाल्लेलं अंगी लागतं म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीला. हिमोग्लोबिन ८.९ आलं. आम्ही शाकाहारी. गेले चार महिने रोज पालक, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे देते आहे. जेवण बरं आहे, वजन कमी झालेलं नाही, जुलाब वगैरे काही नाही. तरी आकडा जागचा हलत नाही. घरात सगळे म्हणतात की हिची पचनशक्तीच मंद आहे, खाल्लेलं अंगी लागत नाही. अन्न पचतं कसं, अंगी लागतं म्हणजे काय होतं, आणि पचनाच्या गोळ्या सुरू कराव्यात का?"

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे तोवर कोणी दुकानातून बाटली आणायला नको. पचनाच्या गोळ्या नकोत. वजन टिकून आहे, जुलाब नाहीत, भूक लागते, म्हणजे तुमच्या मुलीचं पचन मंद असण्याची शक्यता फार कमी आहे. मी सत्तावीस वर्षं पोटाच्या रोग्यांवर उपचार करते आहे. "खाल्लेलं अंगी लागत नाही" ही तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक मुलींचं अन्न अगदी नीट पचत होतं. अडलेलं असायचं ते एकाच पदार्थाचं शोषण, आणि तो पदार्थ म्हणजे लोह, ज्याच्याशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही. कित्येकींच्या बाबतीत लोह आत येत होतं, पण त्याहून जास्त बाहेर जात होतं.

"अंगी लागणं" हा आपला शब्दप्रयोग मला फार नेमका वाटतो. पचणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, हा फरक आपल्या भाषेने केव्हाच करून ठेवला आहे. पचणं म्हणजे अन्नाचे बारीक बारीक तुकडे होणं. अंगी लागणं म्हणजे ते तुकडे आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जाणं. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक लांबच लांब नळी आहे आणि त्या नळीत असलेलं अन्न खरं तर अजून शरीराच्या बाहेरच असतं, एखाद्या बोगद्यातून गाडी जावी तसं. जेवण झालं, पोट भरलं, तरी त्यातला एक कणही अजून तुमचा झालेला नसतो. तो तुमचा होतो आतड्याच्या आतल्या अस्तरापाशी, आणि ते अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं.

आपल्या घरातलंच एक ताट घेऊ. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दही. आणि जेवण झाल्याबरोबर चहा. हा चहा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

भाकरीचा घास नीट चावला की गोडसर लागायला लागतो. लाळेतलं एन्झाइम भाकरीतल्या पिष्टाची लांब साखळी तोडून साखरेचे लहान तुकडे करायला लागतं, त्याची ती चव. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ तयार होते. चावण्याचं महत्त्व एवढंच की पुढच्या रसांना अन्नाला सगळीकडून भिडता यावं. बत्तीस वेळा चावायचं, चाळीस वेळा चावायचं असे आकडे मोजत बसू नका. घास मऊ झाला की गिळावा.

मग जठर. आपल्याकडे जठराग्नी म्हणतात आणि बऱ्याच जणांच्या मनात खरोखरच पोटात काहीतरी शिजतंय असं चित्र असतं. आत काय चालतं हे डोळ्यांनी पाहण्याची संधी एका डॉक्टरला मिळाली ती १८२२ साली, अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर. ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कातडीशी जुळून कायमचं उघडं राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने पुढे कित्येक वर्षं दोऱ्याला बांधून अन्नाचे तुकडे त्या भोकातून आत सोडले, बाहेर काढून तपासले, जठरातला रस बाटलीत घेऊन त्यात मांस ठेवलं. अंगाच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवलेल्या बाटलीतही मांस विरघळलं. पचन हे शिजणं नाही, तो रसाचा गुण आहे, हे त्या बाटलीने दाखवलं. तो माणूस चिडला की जठराचं अस्तर आणि रस दोन्ही बदलतात, हेही बोमाँटने टिपून ठेवलं. १८३३ साली त्याने हे सगळं प्रसिद्ध केलं. सेंट मार्टिन गरीब होता आणि त्या प्रयोगांना कंटाळून मध्येच निघूनही गेला होता. आज त्या प्रयोगांबद्दल शिकवताना मी विद्यार्थ्यांना त्याचं नाव आधी सांगते, डॉक्टरचं नंतर.

तो रस म्हणजे मुख्यतः हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन. दिवसाला साधारण दोन लिटर. वरणातल्या आणि चटणीतल्या प्रथिनांची गुंडाळी या आम्लात उलगडते आणि पेप्सिन ती तोडायला घेतं. अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू इथेच मरतात. तुमच्या प्रश्नाशी जोडलेलं आणखी एक काम इथे होतं, ते म्हणजे अन्नातलं लोह सुटं करून विरघळलेलं ठेवणं. म्हणून डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांना मी बजावते की जळजळ थांबते हे खरं, पण लोह आणि बी-१२ या दोन्हींना आम्लाची गरज असते. मुलगी परीक्षेच्या ताणात अशी गोळी घेत असेल तर विचारून घ्या. जेवताना पाणी प्यायल्याने आम्ल पातळ होऊन पचन बिघडतं, ही समजूत मात्र सोडून द्या. निरोगी जठर लागेल तेवढं आम्ल पुन्हा तयार करतं.

इथून अन्न थोडं थोडं, चमच्या-चमच्याने लहान आतड्यात उतरतं. पूर्ण ताट उतरायला तीन-चार तास जातात, तेलकट असेल तर जास्त. लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग हा माझ्या मते सगळ्या शरीरातला सर्वांत कामसू भाग आहे. आंबट लगदा तिथे पोचताच आतड्याची भिंत रक्तात एक संदेश सोडते आणि स्वादुपिंडाला कळतं की आता क्षारयुक्त रस पाठवायचा. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी हा संदेश शोधला, आणि अशा संदेशांना हॉर्मोन म्हणायचं, हे त्यातूनच पुढे आलं. स्वादुपिंडाच्या रसात पिष्ट, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ तिन्ही तोडणारी एन्झाइम असतात. पित्ताचं काम वेगळं. भांड्याला लागलेलं तेल साबणाशिवाय नुसत्या पाण्याने निघत नाही, तसंच मेथीच्या फोडणीचं तेल पित्ताशिवाय पाण्यात मिसळत नाही. पित्तामुळे त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि मग एन्झाइमला ते तोडता येतात.

शेवटचा हात आतड्याच्या भिंतीवरच फिरतो. तिथल्या पेशींच्या टोकाला बसलेली एन्झाइम साखरेच्या जोड्या तोडतात. दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज त्यांतलंच. मोठेपणी पुष्कळ लोकांत ते कमी होतं, मग कपभर दूध प्यायलं की पोट गुरगुरतं. दही त्यांना चालतं, कारण विरजणातल्या जंतूंनी त्यातली काही साखर आधीच खाल्लेली असते आणि उरलेली तोडायलाही तेच जंतू मदत करतात.

इथपर्यंत झालं ते पचन. आता खरं अंगी लागणं.

लहान आतडं आतून गुळगुळीत नसतं. घड्या, घड्यांवर मिलिमीटरभर उंचीचे बोटांसारखे अंकुर, आणि अंकुरांवरच्या प्रत्येक पेशीच्या टोकाला पुन्हा ब्रशच्या केसांसारखी रचना. मी शिकत होते तेव्हा हे सगळं उलगडलं तर टेनिसचं मैदान भरेल असं पुस्तकात होतं. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट मोजमाप केलं तेव्हा तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या पूर्ण अन्नमार्गाचं क्षेत्रफळ ३२ चौरस मीटरच्या आसपास निघालं, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या कोर्टापेक्षाही कमी. तरीही एका पोटात एवढी जागा पुष्कळच झाली. आणि हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. जुन्या पेशी गळून पडतात, तळातून नव्या वर सरकतात. ही गळती लक्षात ठेवा, लोहाच्या गोष्टीत ती उपयोगी पडेल.

प्रत्येक पदार्थाला भिंतीत आपापलं दार आहे. अमायनो आम्लांचं वेगळं, दोन-तीन अमायनो आम्लांच्या छोट्या जोडीचं वेगळं, फळांतल्या फ्रुक्टोजचं वेगळं. ग्लुकोजचं दार तर एकट्या ग्लुकोजला उघडत नाही, बरोबर सोडियम लागतं, आणि हे दोघं आत गेले की त्यांच्यामागे पाणीही ओढलं जातं. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना मांडली तेव्हा ती प्रयोगशाळेपुरती होती. १९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरली, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महलानबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते तोंडाने द्यायला लावलं, नातेवाइकांच्या हातात पेले देऊन. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेला मृत्युदर चार टक्क्यांच्याही खाली आला. पटकीत आतड्यातून पाण्याचा लोंढा बाहेर जात असतो, पण ग्लुकोज-सोडियमचं हे एक दार उघडं राहतं, आणि त्यांनी नेमकं तेच वापरलं. आजची ओआरएसची पुडी म्हणजे तेच दार. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंदाजाने मूठभर साखर टाकू नका. साखर जास्त झाली तर पाणी आत यायच्या ऐवजी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. "शोषणाचा अभ्यास करून काय मिळतं" असं कोणी विचारलं की मी ही छावणी सांगते.

साखर आणि अमायनो आम्लं रक्तात शिरली की थेट यकृताकडे जातात. तेलाचा रस्ता मात्र निराळा. ते लसिकेच्या (लिम्फच्या) नळ्यांतून वर चढतं आणि मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत रक्ताला मिळतं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं तेलाच्याच पाठीवर बसून जातात. मेथीच्या गर्द हिरव्या रंगामागे लपलेलं कॅरोटिन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते तेलाशिवाय फारसं आत जात नाही. त्यामुळे "डाएट" म्हणून बिनतेलाची उकडलेली भाजी खाणाऱ्या मुलींना मी चमचाभर तेलाची फोडणी द्यायलाच सांगते.

आतड्याच्या शेवटच्या टोकाला दोन गोष्टी घेतल्या जातात. एक म्हणजे पित्त, जे जवळजवळ सगळं परत यकृताकडे जातं आणि दिवसातून अनेकदा फिरून वापरलं जातं. दुसरं बी-१२. जठरात तयार झालेलं एक प्रथिन आधी त्याला बिलगावं लागतं, तरच इथलं दार त्याला आत घेतं. बी-१२ वनस्पतींत नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत आपल्या शाकाहारी माणसांमध्ये आणि गरोदर बायकांमध्ये ते मोठ्या प्रमाणावर कमी आढळलं आहे. तुम्ही शाकाहारी आहात, म्हणून मुलीचं बी-१२ तपासून घ्या. लोह कमी असलं की रक्तपेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या होतात. दोन्ही कमी असेल तर सरासरी आकार नॉर्मल दिसतो आणि रिपोर्ट पाहणारा फसतो.

मोठ्या आतड्याबद्दल थोडक्यात. तोवर पाणी आणि पाचक रस मिळून दिवसाचे आठ-नऊ लिटर आतड्यातून गेलेले असतात, त्यातले जेमतेम दीड लिटर मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथेही बहुतेक पाणी शोषलं जातं. भाकरीचा कोंडा, भाजीचा चोथा आणि कडधान्यातल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, त्यांवर तिथले जंतू जगतात. त्यातून वायूही होतो आणि आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लंही. शौचात मेथीची पानं, मक्याचे दाणे, टोमॅटोची सालं जशीच्या तशी दिसली म्हणून पुष्कळ आया घाबरून येतात. ते अपचन नाही. वनस्पतींची ती आवरणं माणसाला मुळात पचतच नाहीत.

आता लोह.

बाकी दारं सढळ आहेत. साखर कितीही खा, आतडं ती घेत राहतं. लोहाच्या दारावर मात्र कडक पहारा आहे, आणि तो मुद्दाम आहे. नको असलेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीराला नाही. लघवीतून, घामातून ते मुद्दाम काढून टाकता येत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, जुन्या रक्तपेशी मोडून दिवसाला वीस-पंचवीस मिलिग्रॅम पुन्हा वापरलं जातं आणि बाहेरून हवं असतं फक्त एक ते दोन मिलिग्रॅम. जास्त झालं तर ते यकृतात, हृदयात साठून घात करतं. म्हणून सगळं नियंत्रण आत येतानाच. यकृत हेप्सिडिन नावाचं एक हॉर्मोन बनवतं. शरीरात लोह पुरेसं असेल तर हेप्सिडिन वाढतं, आतड्याच्या पेशीचं रक्ताकडचं दार बंद होतं, आणि पेशीत अडकलेलं लोह ती पेशी तीन-चार दिवसांनी गळून पडते तेव्हा तिच्याबरोबर शौचातून निघून जातं. मघाशी सांगितलेली गळती ती हीच. लोह कमी असेल तर हेप्सिडिन घटतं आणि दार उघडतं. अंगात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग रेंगाळत असेल तर मात्र लोह कमी असूनही दार बंद राहू शकतं.

तुमच्या मुलीचं दार बहुधा उघडंच असेल. पण दारापर्यंत लोह पोचतंय का? शाकाहारी ताटातल्या लोहाचा साधारण पाच ते दहा टक्केच भाग आत जातो. धान्याच्या आणि कडधान्याच्या कोंड्यात फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं. पालकात लोह आहे, पण त्याला धरून ठेवणारेही पालकातच आहेत. बीटमध्ये तर शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमही लोह नसतं. त्याचा लाल रंग रक्ताचा नाही, एका रंगद्रव्याचा आहे. बीट खाऊन लघवी लालसर झाली तर तेच रंगद्रव्य उतरलेलं असतं. बीट खाऊ दे, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

आणि चहा. चहातलं टॅनिन लोहाशी घट्ट बांधलं जातं. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच कपभर चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याच्याही खाली येऊ शकतं. मी नवी असताना जिल्ह्याच्या गावी ऊसतोडीला जाणारी एक बाई माझ्याकडे यायची, हिमोग्लोबिन सातच्या आत. मी लोहाची गोळी दिली, दोन महिन्यांनी डोस वाढवला, मग पुन्हा वाढवला. आकडा हलेना. शेवटी आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनी तिला सहज विचारलं, "गोळी कशासंगं घेतीस गं?" ती म्हणाली, "पहाटंच्या च्यासंगं. तेवढाच टाइम असतो." मी तिला गोळी कधी घ्यायची ते सांगितलं होतं, ती कशाबरोबर घेते हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. गोळीची वेळ बदलली, जंताचं औषध दिलं, आणि दीड महिन्यात ती दहाच्या जवळ आली. ती चूक माझी होती, आणि त्यानंतर हा प्रश्न मी एकाही रोग्याला विचारायचा सोडलेला नाही.

लोह दारापाशी पोचवणाऱ्या गोष्टीही आपल्याच स्वयंपाकघरात आहेत. क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेलं ठेवतं आणि फायटेटच्या तावडीतून सोडवतं. त्याने शोषण दुपटीपर्यंत, कधी त्याहूनही वाढतं. पण ते त्याच जेवणात असायला हवं. सकाळी आवळा खाल्ला आणि रात्री मेथी, तर त्या मेथीला त्याचा उपयोग नाही. लिंबू वरणात उकळू नका, ताटात पिळा, उष्णतेने क जीवनसत्त्व मरतं. मोठी फोड पेरूची जेवणाबरोबर द्या, पेरूत शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं आणि तो स्वस्त आहे. मटकी-मूग मोड आणून, कोबीची किंवा कोथिंबिरीची कोशिंबीर कच्ची. मोड येताना आणि पीठ आंबताना फायटेट तुटतं. आपली आंबील, मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व, मोडाची उसळ यांच्यामागे हेच रसायन आहे. आंबट आमटी लोखंडी कढईत केली तर कढईचंही थोडं लोह उतरतं, फक्त तीत साठवून ठेवू नका. दूध आणि कॅल्शियमची गोळी जेवणापासून आणि लोहाच्या गोळीपासून लांब. चहा बंद करायची गरज नाही, जेवणाआधी-नंतर एक तास सोडा.

इतकं सगळं केलं तरी, आणि हे मला स्पष्ट सांगायला हवं, ८.९ चं हिमोग्लोबिन फक्त आहाराने वर येणार नाही. हिशोब मांडून पाहा. ताटातून दिवसाला पंधरा मिलिग्रॅम लोह पोटात गेलं आणि त्यातलं दहा टक्के आत आलं, तर मिळालं दीड. त्यातलं जवळजवळ एक रोजच्या पेशींच्या गळतीत गेलं. पाळीत महिन्याला ऐंशी मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जात असेल, तर त्याबरोबर तीसेक मिलिग्रॅम लोह जातं, म्हणजे रोजचं आणखी एक. मिळणारं दीड, जाणारं दोन. पालकाच्या कितीही जुड्या आणल्या तरी ही तूट तशीच राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक. एवढ्या साऱ्या जणींचं पचन मंद असू शकत नाही.

म्हणून आधी तपासण्या. संपूर्ण रक्ततपासणी, त्यात रक्तपेशींचा आकार, आणि फेरिटिन, म्हणजे लोहाची साठवण. फेरिटिन कमी निघालं की निदान पक्कं. ते चांगलं असूनही पेशी लहान असतील तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका जन्मजात दोषाची, तपासणी करावी लागेल. तिथे लोह देऊन उपयोग नसतो. फेरिटिन कमी निघालं तर गोळी घ्यावीच लागेल, डॉक्टर सांगतील त्या डोसने. शाळा-कॉलेजात आठवड्याला मिळणारी निळी गोळी कमतरता टाळण्यासाठी असते, झालेली कमतरता तेवढ्याने भरून निघत नाही. लोहाची गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. मळमळत असेल तर थोडं खाऊन, पण चहा-दुधाबरोबर नाही. दिवसाला दोन-तीन गोळ्या घेऊन जास्त फायदा होत नाही. मोठा डोस गेला की हेप्सिडिन चोवीस तास चढलेलं राहतं आणि पुढची गोळी बरीचशी वाया जाते, म्हणूनच आता पुष्कळ डॉक्टर एक दिवसाआड देतात. शौच काळं होईल, ते न शोषलेलं लोह, घाबरू नका. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने तरी वाढायला हवं. बारा झालं म्हणून थांबू नका, पुढे तीन महिने घ्या, कारण रक्त आधी भरतं आणि साठवण नंतर.

महिनाभर गोळी नीट घेऊनही आकडा हलला नाही, तर मग मीही "अंगी लागत नाही" म्हणेन, आणि शोध सुरू करेन. गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याचे अंकुर झिजवणारा सीलिॲक आजार कधीकधी जुलाबांशिवाय, फक्त न वाढणाऱ्या हिमोग्लोबिनच्या रूपात समोर येतो, कारण त्यात सर्वांत आधी झिजतो तो लोह घेणारा पहिला वीतभर भाग. रक्ताच्या तपासणीत तो सापडतो. मात्र तपासणीआधी घरच्या घरी गव्हाची पोळी बंद करू नका, रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. जठरातला एच. पायलोरी जंतू हे दुसरं कारण. आणि तिसरं, हुकवर्म नावाचे जंत. शेतात अनवाणी चालताना ते तळपायाच्या कातडीतून शिरतात, लहान आतड्यात दात रोवून बसतात आणि रोज रक्त पितात. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी मुलीने घेतली होती का, ते आठवून पाहा.

पचनच खरोखर बिघडतं तेव्हा चित्र निराळं असतं. शौच पांढुरकं, तेलकट, भांड्याला चिकटणारं, उग्र वासाचं, वजन उतरणं, रात्री उठवणारे जुलाब, पायांवर सूज. स्वादुपिंडाच्या जुन्या आजारात असं होतं आणि एन्झाइमच्या गोळ्या त्यांच्यासाठी आहेत. त्यांना त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर द्याव्या लागतात आणि त्यांचं आयुष्य त्याने खरोखर बदलतं. तुमच्या मुलीला त्यांचा काही उपयोग नाही.

एक गोष्ट तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही आणि मला तीच सर्वांत आधी हवी आहे, ती म्हणजे पाळीची. मुलगी स्वतःहून सांगणार नाही, तुम्ही जवळ बसवून विचारा. किती दिवस चालते, दिवसाला किती पॅड लागतात, रात्री उठून बदलावं लागतं का, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गुठळ्या पडतात का, लहानपणी नाकातून किंवा दात पडताना खूप रक्त यायचं का. दोन महिन्यांची नोंद वहीच्या एका पानावर करायला लावा. तपासण्या आणि गोळी मात्र त्यासाठी थांबवू नका. ते पान डॉक्टरांसमोर रिपोर्टच्याही आधी ठेवा.